बसून घेतलेलं माप

भाईंदर पूर्वेला आमचा गाळा आहे. तीन मशिनी, कटिंगचं टेबल, इस्त्रीचा ओटा आणि एक जुनी लाकडी खुर्ची. नवं गिऱ्हाईक आलं की त्या खुर्चीवर पिशवी ठेवतं. मी पिशवी उचलून खाली ठेवतो, कारण ती खुर्ची मापाची आहे. पायलटच्या जॅकेटचं माप मी आधी उभ्याने घेतो, मग त्याला खुर्चीत बसवतो. दोन्ही हात पुढे करा म्हणतो, मग एक हात डोक्यावर न्या म्हणतो. कॉकपिटच्या छतालाही बटणं असतात आणि हात सारखा तिथे जातो. तेवढ्यात मी मागे जाऊन बघतो, पाठीचं कापड कुठे ओढलं जातंय.

हे शहाणपण मला गिऱ्हाइकानेच शिकवलं. २००५-०६ ची गोष्ट. स्पाइसजेट, किंगफिशर, गो एअर आणि पाठोपाठ इंडिगो, अशा चार कंपन्या सव्वा वर्षात उडायला लागल्या आणि मीरा रोडच्या इमारतींमध्ये पायलट राहायला आले. अंधेरीचं भाडं परवडत नव्हतं, आणि पहाटे तीनला हायवे मोकळा असला की दहिसर नाका ओलांडून विमानतळ फार लांब नाही. तोवर आमचं दुकान लग्नाचे सूट, शाळेचे गणवेश आणि बँडवाल्यांचे कोट यांवर चालायचं. एक तरुण को-पायलट कंपनीकडून मिळालेलं जॅकेट घेऊन आला. खांदे दीड इंच बाहेर, बाह्या बोटांपर्यंत. हे दुरुस्त करण्यापेक्षा नवं शिवून देतो म्हटलं. शिवलं. आरशात असं बसलं की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. चार दिवसांनी स्वारी परत दारात.

"मास्टर, आरशापुढे मी दोन मिनिटं असतो. बसलो की कॉलर मानेवर चढते, बटणं पोटावर फुगतात आणि हात वर केला की अख्खा कोट हाताबरोबर वर येतो."

दोष मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात त्या घेराचा होता. लोकांना वाटतं, मुंढा सैल असला की हाताला मोकळीक मिळते. उलट आहे. मुंढा खाली उतरलेला असेल तर हात उचलताना बाही अंगाचं कापड ओढते. मुंढा काखेला जवळ, वर घेतलेला असेल तर बाही आपल्यापुरती हलते आणि कोट जागेवर राहतो. हे मला वडिलांनी सांगितलं होतं, पण लग्नाच्या सुटात नवरदेव हात वर करतो तो फक्त हार घालताना, तेव्हा सैल मुंढाही खपून जातो. तयार मापाच्या जॅकेटात मुंढा खालीच असतो, कारण एकच साचा शंभर अंगांना बसवायचा असतो.

तुम्ही म्हणाल, जॅकेट काढून बसावं. बहुतेक जण काढतातच. कॉकपिटमध्ये मागे कोट लटकवायची जागा असते. दोन्ही खांद्यांवरून पट्टे येतात, समोरच्या काचांतून ऊन येतं, नागपूरला मे महिन्यात विमान उभं असलं की आत भट्टी होते. एका कॅप्टनसाहेबांना मी एकदा मोजायला सांगितलं, मुंबई-दिल्ली आणि परत या फेरीत जॅकेट अंगावर किती वेळ होतं? त्यांनी खरंच मोजलं. घरून गाडीत बसताना मागच्या हुकाला. टर्मिनलच्या दारात अंगावर. सुरक्षा तपासणीला परत काढून ट्रेमध्ये. मग गेटपर्यंत अंगावर. विमानाभोवती बाहेरून फेरी मारताना वरून ती चमकणारी पिवळी-हिरवी बंडी घालावी लागते. आत गेल्यावर खुंटीला. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. "एवढ्यासाठी चार हजारांचं कापड?" असं ते म्हणाले, आणि पुढच्याच वाक्यात विचारलं, "बाहीची दुसरी पट्टी जरा तिरकी वाटतेय का हो?"

इथेच मला या लोकांचं मर्म कळलं. जॅकेटबद्दल त्यांची मतं टोकाची असतात. जुन्या कॅप्टनना जॅकेट हवंच, काहींना टोपीही. टर्मिनलमधून चालताना प्रवासी बघतो, आणि विमान चालवणारा माणूस नीटनेटका दिसला तर निम्मी भीती जाते, असं त्यांचं म्हणणं. तरुण मुलांना पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खांद्यावरच्या पट्ट्या पुरतात. मुंबईच्या दमट हवेत वर्षातले दहा महिने जॅकेट म्हणजे शिक्षा. एका मुलाने तर सांगितलं, भावाच्या लग्नाला तो ड्यूटीवरून थेट हॉलवर पोचला, तर मुलीकडच्या एका काकांनी त्याला विचारलं, "बाकीचा बँड कुठे आहे?" मी हसलो, पण पोटात ढवळलं. कारण त्याच्या बाहीवरची सोनेरी पट्टी आणि बँडमास्तरच्या कोटाची पट्टी मी एकाच व्यापाऱ्याकडून आणतो. आमच्या सोसायटीचा वॉचमनही खांद्यावर पट्ट्या लावतो.

ही पट्ट्यांची भानगड आली कुठून, हे मला एका गिऱ्हाइकाने ट्रायलच्या वेळी सांगितलं, आणि नंतर मी ते शोधून वाचलं. सुरुवातीचे पायलट चामड्याचे कोट आणि गॉगल घालायचे, कारण उघड्या विमानात थंडी वाजायची. आपल्याकडे जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा विमानात टपालाच्या पिशव्या होत्या. टपालाला पायलटचा कोट दिसत नाही. प्रवासी आले तेव्हा कोट आला. अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीने १९३० च्या दशकात पाण्यावरून उडणारी मोठी विमानं घेतली आणि लोकांची भीती घालवायला सगळा थाट जहाजाचा केला. पायलटचा कॅप्टन झाला, त्याला नौदलासारखा गडद कोट, पांढरी टोपी आणि बाहीला सोनेरी पट्ट्या मिळाल्या. चार पट्ट्या कॅप्टनला, तीन को-पायलटला, हा हिशोब पुढे जगभर पसरला. म्हणजे आम्ही भाईंदरच्या खाडीशेजारी बसून जे शिवतो ते मुळात बोटीवरचं कापड आहे. त्या बोटी थंड समुद्रातल्या होत्या.

खाडीवरून आठवलं. भाईंदरची मिठागरं जुनी. वारा खाडीकडून आला की हवेत मीठ असतं आणि मीठ जरीचा वैरी. बाहीवर दोन प्रकारची पट्टी लावता येते. एक खऱ्या धातूच्या तारेची. तिला पिवळी, मऊ झाक असते, पण दमट हवेत ती दोन पावसाळ्यांत काळवंडते. दुसरी प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर रंग चढवलेली. ती काळी पडत नाही, पण दुरून चॉकलेटच्या कागदासारखी चमकते आणि इस्त्री जास्त लागली तर आक्रसते. मी काय लावावं हे गिऱ्हाईक कुठल्या हवेत राहतं यावर ठरवतो. मीरा रोडच्या माणसाला मी खरी जर लावून देत नाही, कितीही हट्ट केला तरी. हट्टच असेल तर पट्टी बारीक टाक्याने लावतो, म्हणजे दोन वर्षांनी उसवून बदलता येते.

कापडाबद्दल मात्र मी ऐकत नाही. पूर्ण पॉलिएस्टर स्वस्त, सुरकुती पडत नाही, धुतलं की वाळतं, म्हणून कंपन्यांना आवडतं. पण पॉलिएस्टर साधारण २५५-२६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. लोकर पेट घ्यायला वेळ लावते आणि बहुतेक वेळा आपोआप विझते. आग लागण्याची शक्यता कितीही कमी असो, ज्या माणसाने सगळ्यात शेवटी बाहेर पडायचं, त्याच्या अंगावर वितळणारं कापड मी का घालू? टेरीवूल घ्या, लोकरीचा वाटा निम्म्याच्या वर ठेवा, अस्तर पातळ. नवं कापड नाकाला लावून बघा, औषधाचा वास आला तर एकदा ड्रायक्लीन केल्याशिवाय अंगावर घालू नका. २०१६ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नवा गणवेश दिला आणि हजारो कर्मचाऱ्यांनी पुरळ, डोकेदुखी, श्वासाचा त्रास अशा तक्रारी केल्या. पायलटही त्यात होते. पुढच्याच वर्षी कंपनीला दुसरा पुरवठादार शोधावा लागला.

डिसेंबर २०२३ मध्ये एअर इंडियाने मनीष मल्होत्रा यांचा नवा गणवेश आणला. पायलटसाठी काळा डबल ब्रेस्टेड सूट. दिसतो उत्तम, उभ्या माणसाला डबल ब्रेस्टेडइतकं काही शोभत नाही. शिंपी म्हणून माझी तक्रार एवढीच की पोटावर कापडाचे दोन थर येतात, बटण लावून बसता येत नाही आणि उघडा ठेवला की समोरचा पदर लोंबतो. मुंबईला तो डिसेंबर-जानेवारीत ठीक.

मुलींच्या जॅकेटचं दुखणं वेगळं. आपल्या देशात पायलटांमध्ये बायकांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कोलकात्याहून सिलचरला फोकर फ्रेंडशिप विमान नेलं, त्यात सगळा कर्मचारी वर्ग बायकांचाच होता. त्याला चाळीस वर्षं झाली. तरी माझ्याकडे जी जॅकेटं येतात ती पुरुषाच्या साच्यातून लहान केलेली. खांदा मोठा, छातीला चिमट्या नाहीत, कंबरेला पोतं. आणि कहर म्हणजे आतला खिसाच नाही. एक मुलगी म्हणाली, "काका, लायसन्स कुठे ठेवू? पुरुषांना तीन खिसे, मला एक, तोही खोटा." वरून झाकण शिवलेलं, आत पिशवीच नाही. तेव्हापासून मुलींच्या जॅकेटला मी डाव्या बाजूला आत खोल खिसा घालतोच, त्याचे पैसे घेत नाही.

दिसण्याचे नियम किती सवयीने चालतात याचं एक उदाहरण दाढीचं आहे. दाढी असली तर प्राणवायूचा मुखवटा चेहऱ्याला नीट चिकटत नाही, म्हणून कित्येक कंपन्यांनी वर्षानुवर्षं दाढी नको म्हटलं. मग कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात दाढीवाल्या लोकांना मुखवटे घालून तपासलं. फरक पडला नाही. २०१८ मध्ये एअर कॅनडाने साडेबारा मिलिमीटरपर्यंत दाढीला परवानगी दिली. कोणीतरी आधी मोजलं, मग नियम बदलला. जॅकेटचंही तसंच व्हावं. बऱ्याच जणांचं भांडण जॅकेटशी नसतं, मुंढ्याशी असतं. माझ्याकडून मुंढा वर घेऊन नेलेलं जॅकेट कित्येक जण दिल्लीच्या थंडीत उड्डाणभर काढत नाहीत, हे ते स्वतः येऊन सांगतात.

जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलं. त्यानंतर महिन्याभरात आमच्याकडे तीन-चार जॅकेटं आली, सगळ्यांचं काम एकच, पट्ट्या काढा, बटणं बदला, मुलाखतीला साधा ब्लेझर म्हणून घालता आला पाहिजे. त्यांतले एक कॅप्टन पन्नाशीचे. मी ब्लेडने टाका टाका उसवत होतो आणि ते समोर त्याच लाकडी खुर्चीत बसले होते. चारही पट्ट्या निघाल्या, धागे चिमट्याने ओढून काढले, ब्रश मारला. खाली चार गडद रेघा. वर्षानुवर्षं उन्हात सगळं कापड विटलं होतं, पट्ट्यांखालचं तेवढं नव्यासारखं राहिलं होतं. वाफ दिली, उलट्या बाजूने इस्त्री दिली, रेघा हलेनात. शेवटी त्यांना म्हटलं, काळी गोठ लावतो त्याच जागी, डिझाइन वाटेल. त्यांनी बाहीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तीनच लावा मास्टर. नव्या ठिकाणी को-पायलट म्हणून घेतायत." मग चौथ्या रेघेचं काय करू, विचारलं. "राहू दे," म्हणाले. शिलाई मी घेतली नाही.

३ मे २०२३ पासून गो फर्स्टची विमानं थांबली, तेव्हा पुन्हा तसंच काम आलं. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात गेली. त्या वेळी माणसं नोकरीत राहिली, फक्त बटणं बदलली. माझ्याकडे पत्र्याच्या एका डब्यात वेगवेगळ्या कंपन्यांची बटणं साठली आहेत. गिऱ्हाईक परत मागायला येईल म्हणून ठेवतो. अजून कोणी आलेलं नाही.

कंपन्यांना माझं एवढंच सांगणं आहे, मार्च ते ऑक्टोबर किनाऱ्यावरच्या शहरांत जॅकेट सक्तीचं करू नका, आणि उरलेल्या चार महिन्यांसाठी द्याल ते प्रत्येकाचं माप घेऊन द्या. आणि तुम्ही, वाचक, या दिवाळीत सूट किंवा जॅकेट शिवायला टाकणार असाल तर शिंप्याकडे खुर्ची मागा. बसा, हात वर करा आणि मग माप द्या.