वसईच्या घंटा

इंदुरीच्या गढीच्या दरवाजापाशी उभे राहिले की सेनापती खंडेराव दाभाड्यांचे स्मरण होतेच. ते निवर्तले १७२९ साली. उत्तरेस, सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकरी जी पोर्तुगीज घंटा आहे, तिच्यावर नेमका हाच आकडा आहे आणि सोबत क्रूस. ही घंटा मूळची वसईच्या चर्चमधली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि तेथील घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. एक वाईजवळ मेणवलीला, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात.

आमच्या एका तरुण धर्मग्रामस्थाने परवा विचारले, "फादर, बेनिनची शिल्पे परत जातात, मग आपल्या घंटा आपण का मागू नयेत?" प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. १८९७ साली इंग्रजांनी आजच्या नायजेरियातील बेनिन नगरी उद्ध्वस्त केली आणि राजघराण्याच्या पूर्वजवेदींवरील पितळी मस्तके, राजवाड्यातील फलक हजारोंनी लुटून नेले. जर्मनीने २०२२ साली आपल्याकडच्या शिल्पांची मालकी नायजेरियाला दिली. नेदरलँड्सने २०२५ साली ११९ वस्तू सोपवल्या. लंडनचे ब्रिटिश म्युझियम मात्र १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवते. वाघनखे २०२४ साली लंडनहून साताऱ्यास आली तीही तीन वर्षांच्या बोलीवर, आणि रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ साली लिलावात दाम मोजून सोडवावी लागली. उसने आणणे वा विकत घेणे, याला परत मिळणे कसे म्हणावे?

तरीही घंटा मागाव्यात असे मला वाटत नाही. बेनिनची मस्तके वेदीवरून उचलून काचेच्या कपाटात गेली. तेथे त्यांना वंदन करणारे कोणी नाही. आपल्या घंटा देवाच्या दारातच राहिल्या. अर्थात लूट ती लूटच. ती पेशव्यांनी केली म्हणून पवित्र होत नाही. तसेच पोर्तुगिजांनी पाडलेली देवळे, त्यांनी क्रूस उभारले म्हणून, विसरता येत नाहीत.

एज्राच्या पहिल्या अध्यायात कोरेश राजा, नबुखद्नेस्सरने यरुशलेमच्या मंदिरातून नेलेली पात्रे परत करतो. खजिनदार ती मोजून देतो: सोन्यारुप्याची ५,४०० पात्रे. मला तो मोजदादीचा भाग अधिक मोलाचा वाटतो. काय आणि कोठून आणले होते, याची तेथे नोंद आहे. घंटांशेजारी तेवढी एक पाटी हवी: वसईच्या चर्चची घंटा, १७३९ च्या युद्धात आणलेली. देवस्थानांच्या विश्वस्तांना तसे विनंतीपत्र लिहायला मी त्या तरुणाला सांगितले आहे. मसुदा त्याने करावा, शुद्धलेखन मी पाहीन.