तेवढ्या सह्या कर

अरे,

सोसायटीच्या सेक्रेटरींनी परवा पुन्हा जिन्यात गाठलं. "वहिनी, त्या येझदीचं काय ते बघा." अजून वहिनीच म्हणतात. मीही दुरुस्त करत नाही.

टेम्पोच्या दोन फेऱ्या केल्यास तू. टीव्ही नेलास, पुस्तकांचे खोके नेलेस, भिंतीवरचं घड्याळ तर खिळ्यासकट नेलंस. मागे काय ठेवलंस? जोडी नसलेले तीन मोजे, कशालाच न लागणारे चार्जर, पलंगाखालचे दिवाळी अंक. अंक मी रद्दीत घातले. विचारलं नाही. मोदकपात्र नेताना तू तरी कुठे विचारलंस? उकड काढता येते का तुला?

आपल्या संमतीच्या कागदांत वकिलांनी घातलेलं वाक्य आठवतं? एकमेकांच्या चीजवस्तूंवर यापुढे कोणाचा काही हक्क नाही. खाली दोघांच्या सह्या. ते लिहिणाऱ्यानं आपलं पार्किंग पाहिलं नव्हतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 27 खाली कोर्ट बघतं ते लग्नाच्या वेळी मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंकडे. येझदी त्यात कुठून येणार? ती अप्पांनी 1989 साली घेतलेली. ते गेल्यावर तू फॉर्म 31 भरून नावावर करून घेतलीस, पासिंगही करून आणलंस, आणि झाकण घालून ठेवून दिलीस. जातानाही ते झाकण उचललं नाहीस. मला वाटायचं, विसरलास. आता वाटतं, तिच्याजवळ जायचं तू टाळलंस. चुकतेय का?

मागच्या महिन्यात एक मुलगा बघायला आला. म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, तेव्हा तो जन्मलासुद्धा नसेल. त्याला किक सापडली, गिअर सापडेना. वाकून वाकून बघत होता बिचारा. मग मीच ओढणी खोचली. किक मारून झाली की तीच दांडी आत दाबायची, पुढे वळवायची, झाला गिअर. अप्पांनी शिकवलेलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तू गॅलरीत पेपर वाचत होतास आणि वरून म्हणालास, "अप्पा, सोडा, तिला नाही जमायचं." अप्पांनी मान वर करूनही बघितलं नाही. मला म्हणाले, "टाच खाली ठेव."

नवव्या किकेला सुरू झाली रे. निळा धूर सगळ्या पार्किंगभर. सेक्रेटरी खोकत बाहेर आले.

त्या मुलानं बरी किंमत सांगितली. मी हो म्हटलं. मग संध्याकाळी ओट्याखालचा कप्पा आवरताना मागे ते मापटं सापडलं, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं, अप्पा ज्यानं पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालायचे. कडेला त्यांनी ब्लेडनं पाडलेली खूण. आत अजून चिकट होतं. घासायला घेतलं आणि तसंच परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी मुलाला फोन करून नाही म्हटलं. शब्द फिरवला, वाईट वाटलं. पण त्याला कारण काय सांगणार होते? घटस्फोटात नवऱ्यापासून सुटका होते. सासऱ्यांचं काय करायचं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तर, संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन आले. फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि 30 सोबत आहेत. तुझ्या सह्या जिथे हव्यात तिथे पेन्सिलीनं फुल्या केल्यात. तुझी सवय माहीत आहे, म्हणून सांगते: आधी वाच, मग सही कर. खरेदीदाराच्या रकान्यात माझं नाव आहे.

किंमत तू सांग. मी घासाघीस करणार. आणि मोदकपात्र पाठवून दे, गणपती जवळ आलेत.