रिपोर्टातला रकाना

माझी धाकटी मावशी न्यू जर्सीत असते. लग्नाला बारा वर्षे झाली, मूल नाही. आता ती सरोगसीच्या मार्गाने आई होऊ पाहते आहे. म्हणजे भ्रूण मावशी-काकांचे आणि कूस दुसरीची. 'मला आई व्हायचंय!' या २०११ च्या मराठी चित्रपटातली परदेशी बाई मूल मिळवायला महाराष्ट्रात येते आणि बाळात व्यंग असण्याची शक्यता कळताच पाठ फिरवते. परदेशी जोडप्यांना ती वाट २०१५ मध्ये बंद झाली. आणि तपासणीही आता कुशीत जाण्यापूर्वीच होते.

पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी काढतात, त्यांतली गुणसूत्रे तपासतात आणि तोवर भ्रूण गोठवून ठेवतात. गंमत अशी, की त्या थराची पुढे वार होते, बाळ नव्हे. स्थळाची चौकशी शेजारी करावी, तसलाच हा प्रकार! कधी उत्तर 'संमिश्र' येते. अशाही काही भ्रूणांतून निरोगी बाळे जन्मल्याचे इटलीतल्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले आहे.

मावशीचे सात भ्रूण होते. तीन निर्दोष निघाले. हे तिने व्हिडिओ कॉलवर सांगितले, तेव्हा आजी वाडीतल्या सुपाऱ्या निवडत होती. जगाने अलिबागकरांना भोळे ठरवले असले, तरी आजी भोळी नाही. तिने नेमके विचारले, "त्यात मुलगा आहे ना गं?"

रिपोर्टात तेही कळते. अमेरिकेत ते सांगायला आणि त्यावरून निवड करायला कायद्याची आडकाठी नाही. आपल्याकडे आहे. गर्भलिंगतपासणीविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राने १९९४ मध्ये. २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची निवडही गुन्हा ठरली. गुणसूत्रांचे वा रक्ताचे काही आनुवंशिक आजार शोधायला आपल्याकडे भ्रूण तपासता येतो. मुलगा की मुलगी, हे मात्र सांगता येत नाही.

मी घरातली दुसरी मुलगी. माझ्या वेळी बर्फी दोनच घरांत वाटली, असे आई हसत सांगते. ते हसणे मला अजून नीट कळलेले नाही. आजी दुष्ट नाही हो. माझी कॉलेजची फी तिच्याच नारळांवर भरली जाते. पण मी जन्मायच्या आधी तिला हा प्रश्न कुणाला विचारायची सोय असती तर? सुपाऱ्यांच्या सुपाकडे बघताना हा विचार मनात आला आणि जाईना.

मावशी म्हणाली, "आई, तो रकाना झाकूनच पाठवा, असं आम्ही डॉक्टरांना सांगितलंय."

"मग निवडणार कोण?"

"तेच. जो चांगला वाढलेला दिसेल, तो."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग त्या दुसऱ्या बाईची चौकशी सुरू झाली: कुठली, घरी कोण कोण, डोहाळे लागले तर पुरवणार कोण? ती पेनसिल्व्हेनियात राहते, दोन मुलांची आई आहे, असे मावशी सांगत बसली.