येताना गाडी, जाताना एसटी

काकांचा फोन मला वर्षातून एकदाच येतो, जत्रेच्या आधी. त्यामुळे २०२२च्या डिसेंबरात तो आला तेव्हा मी जरा टेन्शनमध्येच उचलला.

"शनिवारी रात्री दहाला स्वारगेटला गाडी उभी आहे," काका म्हणाले. "काकू सरपंचपदाला उभी आहे. कपबशी."

गाडी उभी, काकू उभी. आता नाही कसं म्हणायचं? गावच्या मतदार यादीत माझं नाव काकांनीच घातलं होतं, मला अठरा पूर्ण होताच. तेव्हा वाटलं होतं, किती प्रेम!

ग्रामपंचायतीचा फंडा वेगळा आहे. नगरपालिकेत पक्षांची चिन्हं असतात. इथे कमळ नाही, पंजा नाही, घड्याळ नाही. कपबशी, छत्री, शिट्टी असली मुक्त चिन्हं. सरपंच थेट लोकांनी निवडायचा हा नियम २०१७ मध्ये आला, २०२० मध्ये गेला, २०२२च्या जुलैत परत आला. म्हणजे कागदावर एकदम आदर्श प्रकार, माणूस बघा आणि मत द्या.

प्रत्यक्षात पॅनेल असतं. आमच्या गावात दोन, आणि दोन्हींत भावकी. आमच्या गाडीत तेरा जण होतो. आयटीवाले, चाकणच्या कंपनीतले, एक नवी नवरी. खंबाटकी घाटापर्यंत सगळ्यांच्या गप्पा एकच, उद्या रात्री फायनलला मेस्सी की एम्बापे. गावाला कोणता सरपंच हवा, याबद्दल एक अक्षर नाही. ही गाडी कोणत्या नियमात बसते, तेही कोणी विचारलं नाही. मी पत्रकार, मीही नाही.

जागा महिलांसाठी राखीव होती. काकू म्हणजे चहा अप्रतिम आणि बोलणं शून्य. पत्रकावर तिच्या फोटोशेजारी तेवढ्याच आकाराचा काकांचा फोटो. समोर छत्रीवर उभी होती माझ्या बालमैत्रिणीची आई. त्या बचत गट चालवतात. वरच्या आळीला पाणी येत नव्हतं तेव्हा पंचायत समितीत जाऊन जाऊन त्यांनी अधिकाऱ्यांना वैताग आणला होता. शेवटी नळ आला. लहानपणी मी त्यांच्याकडे किती वेळा जेवलेय, मोजलेलं नाही.

सकाळी पोहे खाल्ले काकूच्या हातचे. ती ताट पुढे करत हळूच म्हणाली, "माझं काय गं, हे म्हणाले उभी राहा." पुढे काही बोलणार होती, तेवढ्यात काका आत आले.

शाळेत मतदान. मी तिसरीत बसायचे तोच वर्ग. सरपंचाची मतपत्रिका फिकट निळी, सदस्यांच्या वेगळ्या रंगांच्या. बाहेर काका उभे, आत मी आणि यंत्र. पोहे अजून पोटात होते. सदस्यांची बटणं मी काकांच्या पॅनेलची दाबली. निळ्या पत्रिकेवर छत्री.

बाहेर आल्यावर काकांनी काही विचारलं नाही, नुसता पाठीवर हात ठेवला. त्यापेक्षा विचारलं असतं तर बरं झालं असतं!

संध्याकाळी कळलं, परतीची गाडी नाही. ती दुसरे मतदार आणायला गेलीये. आम्ही तेराही जण एसटी स्टँडवर. फायनल मी लाल डब्यात, पुढच्या सीटवरच्या मुलाच्या मोबाइलवर पाहिली. रेंज गेली की अख्खी बस ओरडायची.

२० तारखेला निकाल. काकू नऊ मतांनी आली. गुलालात न्हालेला फोटो आला, मधोमध काका, काकू कडेला. त्याच रात्री टीव्हीवर भाजप-शिंदे गट आणि महाविकास आघाडी, दोघंही सांगत होते की जास्त सरपंच आमचेच. काकूला कोणी मोजलं, देव जाणे. कदाचित दोघांनीही.

नऊ मतं. आणि आमच्या गाडीत तेरा. त्यातलं एकही माणूस त्या गावचं पाणी रोज पीत नाही.

दोन दिवसांनी मैत्रिणीचा मेसेज आला, "आली होतीस म्हणे. घरी नाही आलीस." तिच्या भावाने मला कपबशीच्या गाडीतून उतरताना पाहिलं होतं. मी तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा खोडलं. खरं सांगितलं असतं, तर काकांपर्यंत पोहोचायला एक दिवसही लागला नसता. शेवटी लिहिलं, "घाईत होते गं."