वाकडी निघाली तर बाद!

पूल खेळायला गेलात की एक करून बघा. क्यू टेबलावर ठेवून लाटण्यासारखी फिरवा. टोक उड्या मारू लागलं, तर समजा ती वाकडी आहे. हरल्यावर मी नेहमी हेच कारण सांगते!

दादाने मात्र स्वतःसाठी खास क्यू बनवायला दिली. कारागीर म्हणाले, “सहा महिने लागतील.” एका काठीला सहा महिने? मी वैतागलेच.

मग कळलं, पुढच्या भागाचं मेपलचं लाकूड एका दमात बारीक करत नाहीत. लेथवर थोडं कातायचं, ठेवून द्यायचं, स्थिरावलं की पुन्हा थोडं. मध्येच वाकलं, तर सगळी मेहनत बाद. न्यूयॉर्कच्या जॉर्ज बालाबुश्कांनी १९५९ मध्ये क्यू बनवायला सुरुवात केली. ते १९७५ मध्ये गेले, पण त्यांच्या क्यू आजही संग्राहक शोधत असतात.

मी लेख लिहिते आणि तासाभरात पाठवून मोकळी होते. आता एक रात्र ठेवून बघते. काल सकाळी सात ओळी वाकड्या निघाल्या. आवडत्या होत्या, तरी काढल्या.

तुम्ही काय ठेवून बघाल?