आपासाठी पाटली
गावचं घर पाडलं, तेव्हा शिसवी चौकट आणि फणसाची एक फळी मी ठेवून घेतली. आपाने घरात हिस्सा मागितला नव्हता. आम्ही भावांनीही विषय काढला नव्हता. तिच्यासाठी गरम पातेल्याखाली ठेवायची पाटली करताना, रंधा मारताना, हेच टोचत होतं.

काळ्या-पिवळ्या पट्ट्या चिकटवून आडव्या कापल्या, एकाआड एक फिरवून बुद्धिबळाचा पट जुळवला. पहिल्या खेपेला काही तुकड्यांच्या रेषा उलट बसल्या. पावसाळ्यात लाकूड फुगून सांधे उकलले. व्हार्निश नको, गरम भांड्याला चिकटतं. नुसतं जवसाचं तेल चोळलं.

ईदला आपाने पिवळ्या चौकोनावर बोट फिरवलं. “माजघराच्या दाराची ना?”

मी मान हलवली आणि तिच्या हिश्श्याचा चेक पाटलीवर ठेवला.