हॉवर्डला अर्ज करण्याआधी

वर्धा, 10 ऑगस्ट

चि. सई,


तुझ्या बाबाचा फोन येऊन गेला. तू हॉवर्ड आणि स्पेलमनला अर्ज करणार म्हटल्यापासून तो गोंधळलाय. ही कॉलेजं कृष्णवर्णीयांसाठी राखीव असतात ना, आणि नसली तरी न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी मुलीला तिथे कोण घेणार, असं त्याचं म्हणणं. मी नॉर्थ कॅरोलायनात अशाच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, मधली काही वर्षं प्रवेशाच्या फायलीही वाचल्या, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. त्याला दोन वाक्यांत उत्तर दिलंय. तुला सविस्तर लिहिते, कारण अर्ज तुला भरायचाय.

राखीव नाहीत. 1867 साली वॉशिंग्टनला हॉवर्ड सुरू झालं तेव्हा पहिल्या विद्यार्थिनी संस्थापकांच्याच गोऱ्या मुली होत्या. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी गोऱ्या-काळ्यांनी एका वर्गात बसायचं नाही असे कायदे केले, तो राज्यांचा कारभार, कॉलेजांचा नव्हे. आजही या सगळ्या कॉलेजांत मिळून चारातला जवळजवळ एक विद्यार्थी कृष्णवर्णीय नसतो. या कॉलेजांची सरकारी व्याख्या 1965च्या कायद्यातली आहे: 1964च्या आधी, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली संस्था. अशी सुमारे शंभर कॉलेजं आज चालू आहेत.

त्यांचा जन्म कसल्या काळात झाला ते बघ. यादवी युद्धाआधी दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. पेनसिल्व्हेनियातलं चेनी 1837चं, पण ते उत्तरेत. 1865ला युद्ध संपलं आणि मग रांगच लागली: 1866ला फिस्क, 1867ला हॉवर्ड आणि मोरहाउस, 1868ला हॅम्प्टन. स्पेलमन 1881ला अटलांटातल्या एका चर्चच्या तळघरात सुरू झालं. याच वर्षांत, 1873 साली, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापलं आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. हे तू निबंधात घालशील अशी मला भीती आहे, म्हणून त्याबद्दल पुढे बोलते.

आधी प्रवेशाचीच एक गोष्ट. 1872 साली बुकर टी. वॉशिंग्टन नावाचा गुलामीत जन्मलेला मुलगा वेस्ट व्हर्जिनियातून हॅम्प्टनला निघाला. अंतर सुमारे 500 मैल. रिचमंडला पैसे संपले. रात्री लाकडी फुटपाथखाली झोपला, दिवसा जहाजावरचा माल उतरवला. हॅम्प्टनला पोचला तेव्हा कपड्यांची ही दशा, की मुख्य शिक्षिका त्याला ये म्हणेनात, जा म्हणेनात. काही तासांनी त्यांनी शेजारच्या वर्गखोलीकडे बोट दाखवलं आणि झाडायला सांगितलं. त्याने ती तीनदा झाडली, चारदा पुसली. बाईंनी हातरुमाल भिंतीवरून, बाकांवरून फिरवून पाहिला, धूळ लागली नाही, आणि प्रवेश झाला. नऊ वर्षांनी हाच मुलगा अलाबामात टस्कीगी या अशाच संस्थेचा प्रमुख झाला.

तिकडे ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला मात्र ती अर्धीच पचते. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या झाडायलाच लावलं, त्याच्या पोराची परीक्षा पुन्हा झाडूनेच? महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे टोचायलाच हवं. फिस्कला शिकलेले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांनी पुढे हीच बाजू मांडली. टस्कीगीसारखं नुसतं हातकाम कशाला, आमच्या मुलांना ग्रीक, गणित, तत्त्वज्ञान, सगळं हवं, असा त्यांचा आग्रह होता. 1946 साली बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिलं ते याच डू बॉइसना. तर हा वाद या कॉलेजांच्या पोटातच आहे. तुला मुलाखतीला बोलावलं तर तो तुला ठाऊक असावा. पाठ केलेली थोर नावं कुणालाही म्हणता येतात.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. 1944 साली मोरहाउसमध्ये मुलं कमी झाली होती, कारण बरीचशी युद्धावर गेली होती. तेव्हा कॉलेजने शाळा पुरी न झालेल्या हुशार मुलांची प्रवेशपरीक्षा घेतली आणि 15 वर्षांचा मार्टिन लूथर किंग आत आला. आपलं वाचन तेव्हा जेमतेम आठवीच्या पातळीचं होतं, असं त्याने स्वतःच पुढे सांगितलं. कॉलेजचे अध्यक्ष होते बेंजामिन मेज. ते दर मंगळवारी चॅपेलमध्ये मुलांशी बोलत आणि किंग ते ऐकून नंतर त्यांच्याशी वाद घालायला मागे थांबे. हेच मेज 1936च्या अखेरीला इथे आपल्या वर्ध्याला येऊन गांधीजींशी अहिंसेवर आणि अस्पृश्यतेवर बोलून गेले होते.

ही कॉलेजं तयार माल शोधत बसत नाहीत, मुलगा कुठवर जाईल ते बघतात, हे मी फायली वाचताना शिकले. नववीत घसरलेली आणि अकरावीत वर आलेली मुलगी आम्ही सरळ रेषेत चांगले गुण मिळवणारीच्या आधी घेतलेली आहे. पण म्हणून गुण नकोत असं समजू नकोस. हॉवर्ड आणि स्पेलमनला आता चुरस आहे. 2023 साली सुप्रीम कोर्टाने प्रवेशात वंश विचारात घेण्यावर बंदी आणल्यावर तर तिकडचे अर्ज आणखी वाढले. तुला मेडिकलला जायचंय, तर बारावीत कॅल्क्युलस आणि केमिस्ट्रीचा अवघड कोर्स सोडू नकोस, सोप्या विषयात ‘ए’ मिळत असला तरी. आणि यादीत लुइझियानातलं झेव्हियर घाल. छोटं कॅथलिक कॉलेज आहे, पण कृष्णवर्णीय मुलं मेडिकलला पाठवण्यात त्याचं मोठं नाव आहे. नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी इंजिनिअरिंगसाठी उत्तम, तुझ्या कामाचं कमी. शिवाय राज्याबाहेरच्या मुलांच्या जागांवर तिथे मर्यादा असते.

अर्ज लवकर कर. पहिली मुदत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते आणि ती पाळणं म्हणजे नुसती शिस्त नव्हे, पैशाचा प्रश्न आहे. या कॉलेजांच्या गंगाजळ्या लहान. 1890च्या कायद्याने कृष्णवर्णीयांना आपल्या कॉलेजांत न घेणाऱ्या राज्यांना त्यांच्यासाठी वेगळी कृषी-तांत्रिक कॉलेजं काढावी लागली, ती काढली, पण पैसा हात आखडून दिला. 2023 साली केंद्र सरकारनेच 16 राज्यांच्या गव्हर्नरांना पत्र लिहून सांगितलं, की तीस वर्षांत या कॉलेजांना मिळून 12 अब्ज डॉलरांहून जास्त कमी पोचले आहेत. हॉवर्ड, स्पेलमन खाजगी, त्यांचा हिशोब वेगळा, पण हार्वर्डसारखी तिजोरी त्यांच्याकडेही नाही. तेव्हा शिष्यवृत्त्या आधी येणाऱ्यांत वाटल्या जातात आणि मार्चमध्ये जागा मिळाली तरी पैसे संपलेले असतात. तू तिथली नागरिक आहेस, तर सरकारी आर्थिक मदतीचा, म्हणजे फाफ्साचा फॉर्म उघडला की त्याच आठवड्यात बाबाला बसव.

शिफारसपत्र केमिस्ट्रीच्या ज्या बाईंकडे तू रडलीस, भांडलीस आणि शेवटी जिंकलीस, त्यांच्याकडून घे, मुख्याध्यापकांकडून नको. कॉलेजला जाऊन ये, प्रवेशाधिकारी तुमच्या भागात आले तर भेट, प्रश्न विचार. ही मंडळी तोंडओळख लक्षात ठेवतात. जी मुलगी आलेली आहे ती खरंच येईल, असा त्यांचा अंदाज असतो आणि तो बहुधा बरोबर निघतो.

आता निबंध. ‘मला वैविध्य आवडतं’ हे वाक्य मी इतक्या फायलींत वाचलंय की आता ते दिसलं तरी डोळे मिटतात. आपल्या आजी-आजोबांच्या कष्टांची गुलामीशी तुलना अजिबात करू नकोस. आणि फुले-आंबेडकरांबद्दल लिहायचंच असेल तर हे लक्षात ठेवून लिही, की आपलं घराणं त्या कहाणीत त्यांच्या बाजूला नव्हतं. तुझ्या पणजोबांच्या आडावर कुणाला पाणी मिळत नव्हतं ते बाबाला विचार. त्याला ठाऊक आहे, सांगायला टाळेल. ते प्रामाणिकपणे लिहिलंस, आणि मग न्यूअर्कच्या दवाखान्यात तू शनिवारी काय करतेस, तिथे काय पाहिलंस, ते लिहिलंस, तर ‘इथेच का’ या प्रश्नाला उत्तर मिळेल. प्रवेश समितीवर आम्ही सगळं सोडून तेवढंच शोधायचो.

कच्चा मसुदा गणपतीच्या आत पाठव. लाल शाईने दुरुस्त करीन, रागावू नकोस. बाबाला म्हणावं, फीचा हिशोब त्याने करावा, कॉलेज तू निवडशील.

तुझी,
आत्या